नागपुरात १० मीटर एअर शूटिंग सुरू करताय? बंदूक सगळ्यात शेवटी घ्या

दिवाळीत भाचा घरी आला होता. फराळाचं ताट बाजूला सारून त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. अमेरिकेतला एक माणूस गॅरेजमधल्या टेबलावर काडतुसं भरत होता. वापरलेलं पितळी कवच साफ करायचं, खाली नवी टोपी बसवायची, दारू मोजून घालायची, वर गोळी दाबायची. "मावशी, हे मशीन मागवून राहिलो मी. नवशिक्यासाठी कोणतं बरं?"

त्याला जे सांगितलं तेच आधी तुम्हाला सांगते. तिकडे हा छंद असेल, आपल्याकडे दारूगोळा बनवायला शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवाना लागतो. त्यात भरायच्या दारूला १८८४ चा स्फोटकांचा कायदा लागू होतो, आणि तो राबवणाऱ्या संघटनेचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. तेव्हा नागपुरातल्या फ्लॅटच्या गॅलरीत काडतुसं भरायचा विचार मनातून काढून टाका. गंमत म्हणून मागवलेलं सामानही अंगाशी येऊ शकतं.

पण त्या पोराला नेमकं काय आवडलं होतं ते मला कळलं. मोजमाप, हातातली अवजारं, मिलिमीटरच्या हिशोबाने केलेलं काम आणि मग त्याचा निशाण्यावर दिसणारा परिणाम. हे सगळं १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तुलात, म्हणजे दहा मीटरवरच्या निशाण्यावर हवेच्या दाबाने गोळी मारायच्या खेळात, भरभरून आहे, आणि त्यासाठी परवानाही लागत नाही. मी स्वतः मुलीला रेंजवर सोडायला जाता जाता चाळिशीत पिस्तूल हातात घेतलं. सुरुवातीला सामान चुकीच्या क्रमाने घेतलं आणि बरेच पैसे घालवले. तुमचे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

१. पहिले तीन महिने काही विकत घेऊ नका

आमच्याकडे उलटं झालं. मुलगी एकदा रेंजवर जाऊन आली, डोळे चमकत होते, आणि आठवड्याभरात आम्ही एका दुकानातून रायफल घेऊन आलो. दिसायला झकास, लाकडी दस्ता, वर दुर्बीण बसवायची सोय. दुकानदाराने "शूटिंगसाठी एकदम बेस्ट" म्हणून दिली. रेंजवर नेली तर सरांनी हातात घेऊन हळूच परत ठेवली. ती स्प्रिंगची, मौजेखातर डबे पाडायची बंदूक होती. झाडताना धक्का देते, दर वेळी नळी मोडून ताणावी लागते, आणि १० मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. आजही ती आमच्या माळ्यावर आहे.

जवळजवळ प्रत्येक रेंजवर शिकाऊंसाठी क्लबची हत्यारं असतात. महिन्याच्या फीमध्ये किंवा थोड्या जास्तीच्या भाड्यात ती वापरता येतात. मुलासाठी रेंज शोधत असाल तर मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात जाऊन जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे चौकशी करा. शालेय स्पर्धांची माहितीही तिथेच मिळते. खासगी रेंज निवडताना फी विचारण्याआधी अर्धा तास मागे बसून नुसतं बघा. कोणी पुढे निशाण्याकडे गेलं की बाकी सगळ्यांची हत्यारं टेबलावर रिकामी ठेवली जातात का? नळी कायम निशाण्याकडेच असते का? नवीन मुलाला पहिल्या दिवशी सुरक्षेचे नियम सांगतात, की थेट पेलेट (एअर गनच्या बारक्या गोळ्या) हातात देतात? जिथे थेट पेलेट देतात, तिथून उठून या.

तीन महिने म्हणते त्याला कारण आहे. तेवढ्या काळात रायफल की पिस्तूल हे ठरतं, हाताचा आणि खांद्याचा अंदाज येतो, आणि कंटाळा येणार असेल तर तोही येऊन जातो. या खेळात एकाच जागी उभं राहून तीच कृती शंभर वेळा करायची असते. काही मुलांना ते मानवत नाही. त्यात मुलांचा दोष नाही.

२. आधी डोळा, मग हात

दोन्ही हात पुढे ताणा, दोन्ही पंजांच्या बेचक्यातून एक लहानसा त्रिकोण करा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ त्रिकोणातच राहतं, तो तुमचा प्रबळ डोळा. उजव्या हाताच्या माणसाचा उजवाच असेल असं नाही. भाच्याचा डावा निघाला.

असं झालं तर घाबरू नका, पण सामान घेण्याआधी कोचशी बोला. रायफल, तिचा दस्ता, पिस्तुलाची ग्रिप, जॅकेट हे सगळं उजवं किंवा डावं असतं, आणि एकदा घेतलं की उलटं वापरता येत नाही. पिस्तुलात बरेचदा हात उजवाच ठेवून निभावतं, कारण हात लांब असल्यामुळे डोकं थोडं वळवता येतं. रायफलला मात्र गाल दस्त्यावर टेकलेला असतो, तिथे डोळा आणि खांदा एकाच बाजूचे असलेले बरे.

रायफल की पिस्तूल यावर माझं स्पष्ट मत आहे. घरात पैशांची ओढाताण असेल तर पिस्तूल. पिस्तुलाला जॅकेट, पॅन्ट, जाड हातमोजा यातलं काही लागत नाही. रायफलचा निशाणा जास्त बारीक असतो. रायफलच्या निशाण्याच्या कार्डावर दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिमीचा, म्हणजे पेन्सिलच्या टोकाएवढा, तर पिस्तुलाचा दहा ११.५ मिमीचा. पण पिस्तूल एका हाताने, कशाचाही आधार न घेता धरायचं असतं, त्यामुळे सोपं काहीच नाही. मुलाचं मन रायफलमध्ये असेल तर पैशांसाठी त्याला पिस्तुलाकडे वळवू नका. क्लबच्या रायफलवर वर्षभर काढा.

३. पहिली खरेदी

तीन महिन्यांनंतर या गोष्टी घ्या. सगळ्या मिळून एका चांगल्या बुटाच्या किमतीतही बसतील.

ब्लाइंडर: नेम धरताना दुसरा डोळा मिटायचा नाही. सतत मिटला की चेहऱ्याचे स्नायू थकतात आणि उघडा डोळाही ताणला जातो. म्हणून त्या दुसऱ्या डोळ्यापुढे पट्टी लावायची. स्पर्धेत ती ३० मिमीपेक्षा रुंद चालत नाही. घरचा पांढुरका प्लास्टिकचा तुकडा कापून चष्म्याला लावला तरी होतं. काळा लावू नका, पांढुरक्यातून प्रकाश जातो आणि दोन्ही बाहुल्या सारख्या राहतात.

सेफ्टी फ्लॅग: हत्यार रिकामं आहे हे लांबून दिसावं म्हणून नळीतून आरपार घालायची भडक रंगाची दोरी. गवत कापायच्या यंत्राची नारिंगी नायलॉन दोरी मीटरभर आणा आणि नळीपेक्षा थोडी लांब कापा. काही रुपयांचं काम आहे, पण ही नसेल तर कोणताही अधिकारी तुम्हाला लेनवर उभं करणार नाही.

बूट: पिस्तुलाला सपाट तळाचे, घोट्याखाली संपणारे बूट. घोटा झाकणारे पिस्तुलाच्या स्पर्धेत बाद होतात. धावायचे मऊ, उंच टाचेचे बूट नकोत, त्यात शरीर पुढेमागे डुलत राहतं. शाळेच्या पीटीचे साधे कॅनव्हासचे बूट सुरुवातीला उत्तम.

कानाला फोमचे बोळे, हात पुसायला सुती रुमाल आणि एक वही. वहीत रोजच्या सीरिज लिहा. दहा शॉटची एक सीरिज, स्पर्धेत सहा सीरिज. किती लागले एवढंच लिहून थांबू नका, बाहेर गेलेला शॉट सुटताना काय जाणवलं तेही लिहा. महिन्याने वही वाचली की कोचने काय सांगितलं होतं ते पहिल्यांदा कळतं.

४. पेलेट: इथे काटकसर करू नका

नवा माणूस सगळे पैसे हत्यारात घालतो आणि पेलेट स्वस्तातले घेतो. मग गोळी कुठेही लागते आणि आपण स्वतःच्या हाताला दोष देतो.

१० मीटरसाठी ४.५ मिमीचे, सपाट डोक्याचे, शिशाचे पेलेट लागतात. सपाट डोक्यामुळे कागदावर पंचिंग मशीनने पाडल्यासारखं गोल भोक पडतं आणि गुण नीट मोजता येतात. टोकदार किंवा गोल डोक्याचे पेलेट कागद फाडतात. ते घेऊ नका, पितळेचे किंवा लोखंडाचे तर अजिबात नको. ते नळी खरवडतात आणि उलट अंगावरही उडू शकतात.

रायफलचे पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचे, पिस्तुलाचे त्याहून हलके. डब्यावर वजनासोबत डोक्याचा व्यासही छापलेला असतो: ४.४८, ४.४९, ४.५०, असं. प्रत्येक नळीला एखादाच आकार मानवतो. त्यामुळे एकदम दहा डबे उचलू नका. रेंजवरच्या तीन-चार जणांकडून वेगवेगळ्या आकाराचे वीस-वीस पेलेट मागून घ्या, हत्यार पक्कं टेकवून पाच-पाच शॉट मारा आणि कोणत्या आकाराची भोकं एकमेकांत मिसळतात ते पाहा. हे काम तुमचं स्वतःचं हत्यार आल्यावर करायचं. क्लबच्या हत्यारावर क्लब सांगेल ते पेलेट घ्या. आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी ही नावं रेंजवर रोज कानावर पडतील. तिन्हींचे सरावाचे आणि स्पर्धेचे असे वेगळे दर्जे मिळतात. वर्षभर सरावाचेच पुरतात.

आता हिशोब. स्पर्धेचे ६० शॉट आणि त्याआधीचे साईटर, म्हणजे गुण न धरले जाणारे अंदाजाचे शॉट, धरले तर एका सत्रात ८० पेलेट जातात. आठवड्याला चार सत्रं म्हणजे ३२०. ५०० चा डबा अकरा दिवसांत संपतो, महिन्याला जवळपास तीन डबे लागतात. हत्यार एकदा घ्याल, हा खर्च मात्र दर महिन्याला आहे. घराचं बजेट आधी या आकड्यावर मांडा आणि मग हत्याराला किती उरतात ते बघा. रायफलच्या हप्त्यापायी पेलेट मोजून वापरणारी मुलं मी पाहिली आहेत. चांगलं हत्यार हातात, आणि सराव आठवड्याला तीस शॉट.

शिसं विषारी आहे, त्यामुळे पेलेट हाताळलेले हात साबणाने धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही. लहान मुलं पेलेट तोंडात धरतात, ती सवय पहिल्याच दिवशी मोडा. रेंजच्या आत खाणं-पिणं नको. पेलेटचा डबा फ्रिजच्या वर, मसाल्याच्या शेजारी ठेवू नका. आमच्याकडे तो काही दिवस तिथे होता, म्हणून मुद्दाम सांगते.

५. जॅकेट, पॅन्ट, हातमोजा (फक्त रायफलवाल्यांसाठी)

रायफलचं जॅकेट थंडीसाठी नसतं. साडेचार-पाच किलोचं वजन पाठीच्या कण्याने पेलायचं असतं, त्याला आधार देणारं ते कडक कापडाचं आणि चामड्याचं कवच असतं. म्हणूनच त्यावर नियम कडक आहेत. कापडाची जाडी एका पदराला २.५ मिमीपर्यंत. बटणं लावल्यावर जॅकेट आणखी किमान ७ सेंमी ओढून एकमेकांवर येईल इतकं सैल असलं पाहिजे. हातमोज्याची एकूण जाडी १२ मिमीपर्यंत.

मोठे जॅकेट शिंप्याकडून लहान करून घेता येतं, घट्ट जॅकेट सैल होत नाही. तरी "पोरगं वाढतंय, दोन साईज मोठंच घेऊ" हा आपला शाळेच्या गणवेशाचा हिशोब इथे लावू नका. फार सैल जॅकेट आधार देत नाही, ते नुसतं अंगावर लोंबतं. वाढत्या मुलासाठी सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे रेंजवरच्या मोठ्या मुलाचं लहान झालेलं जॅकेट. चामडं वापरून मऊ झालेलं असतं, शरीराला लवकर बसतं आणि किंमत निम्म्यावर येते. घेण्याआधी कोचला जाडी मोजायला सांगा. काही जुनी जॅकेटं आधीच्या नियमांप्रमाणे शिवलेली असतात आणि तपासणीत अडकतात.

पैसे थोडेच असतील तर आधी जॅकेट आणि हातमोजा, मग बूट, पॅन्ट शेवटी. पहिल्या वर्षी साध्या ट्रॅकपॅन्टवर उभं राहून बघितलेलं बरं. पायांना तोल शिकायला वेळ मिळतो.

६. आता हत्यार

कायदा आधी. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे एअर गनची नळी ४.५ मिमीपेक्षा मोठी असेल किंवा ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त असेल तर परवाना लागतो. त्याच्या आतल्या एअर गनला परवाना नाही, पण विक्रेता तुमचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन नोंद करतो. न घेणाऱ्या दुकानाची पायरी चढू नका. मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, रायफलची ऊर्जा साधारण साडेसात ज्यूल असते, म्हणजे मर्यादेच्या बरीच आत. फसायला होतं ते ५.५ मिमीच्या बंदुकीत. "थोडी पॉवरफुल आहे" म्हणून कोणी पुढे करेल. खेळाच्या कामाची नाही आणि परवान्याच्या कक्षेत येते.

विनापरवाना म्हणजे खेळणं नव्हे. फुटाळ्यावर किंवा अंबाझरीला पिशवीतून काढून फोटो काढण्याचा मोह मुलांना होतो. लांबून बघणाऱ्याला ती खरी बंदूकच दिसते. घर ते रेंज, बंद पेटीत, बिलाची प्रत सोबत.

नवशिक्यापुढे मुख्य प्रकार दोन. स्प्रिंगचं हत्यार स्वस्त, त्याला हवेचा सिलिंडर लागत नाही, पण प्रत्येक शॉटला ताण आणि धक्का. शालेय स्पर्धांत ओपन साईट (उघड्या खाचेतून नेम धरायचा) आणि पीप साईट (बारीक भोकातून बघून नेम धरायचा) असे वेगळे गट असतात. ओपन साईटच्या गटात उतरणाऱ्या मुलाला साधी रायफल पुरते. दुसरा प्रकार पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारा. धक्का जवळजवळ नाही, सगळे गंभीर खेळाडू हेच वापरतात. बाहेरच्या कंपन्यांत वाल्थर, फाईनवेर्कबाऊ, स्टायर, आन्शुट्झ, पिस्तुलांत मोरिनी आणि पार्डिनीही. यांची किंमत लाखाच्या वर जाते. प्रिसिहोलसारख्या भारतीय कंपन्यांचे पीसीपी बऱ्याच कमी किमतीत येतात आणि जिल्हा-राज्य पातळीच्या सुरुवातीला पुरेसे आहेत. "बिंद्राने २००८ ला सुवर्ण घेतलं तसली रायफल हवी" असं आमचं कन्यारत्न म्हणायचं. पण पहिल्या दोन वर्षांत हत्याराची चूक आणि हाताची चूक यांतला फरक दाखवण्याइतकं स्थिर हत्यार पुरतं.

पिस्तूल घेताना नळीपेक्षा ग्रिपवर वेळ घालवा. ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशी येते. हात घातल्यावर तर्जनी ट्रिगरवर सरळ मागे ओढली जाते की तिरकी, हे बघा. डोळे मिटून पिस्तूल उचला, हात ताणा आणि डोळे उघडा. पुढची आणि मागची साईट आपोआप एका रेषेत आली तर ग्रिप तुमची. दर वेळी मनगट वळवून रेषेत आणावं लागत असेल तर ती ग्रिप दुसऱ्याची आहे. थोडाफार फरक लाकडाची लुगदी भरून किंवा पॉलिश पेपरने घासून काढता येतो. सगळे काढतात, मात्र कोच शेजारी असताना काढा. घासलेलं लाकूड परत येत नाही.

नियमांचे तीन आकडे लक्षात ठेवा: रायफल ५.५ किलोपर्यंत, पिस्तूल १.५ किलोपर्यंत, आणि पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचं वजन पेलणारा. जुनं पिस्तूल घेताना हा तिसरा आकडा तपासाच. आधीच्या मालकाने ट्रिगर हलका करून ठेवलेला असतो, हाताला फार गोड वाटतो, आणि स्पर्धेच्या तपासणीत वजन उचलताना सुटतो.

दुरुस्ती कोण करतं तेही घेण्याआधी विचारा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्येच बिघडलं आणि मोलाची मिनिटं गेली. त्याच मुलीने २०२४ ला पॅरिसमध्ये दोन पदकं आणली. तिच्यामागे तंत्रज्ञ होते. आपल्याला एखादं सील बदलायला हत्यार मुंबई-पुण्याला पाठवावं लागलं तर महिना रिकामा जातो. ज्या कंपनीचे सुटे भाग तुमच्या रेंजवर कोणाकडे तरी आहेत, तीच कंपनी तुमच्यासाठी चांगली.

७. सिलिंडर: माझी सगळ्यात महागडी चूक

मी माझं पिस्तूल वापरलेलं घेतलं. उत्तम अवस्थेत, ग्रिप हातात बसलेली, भावही बरा. पहिल्या स्पर्धेत तपासणीच्या टेबलावर त्यांनी सिलिंडर फिरवून त्यावर कोरलेली तारीख वाचली आणि बाजूला ठेवला. सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त १० वर्षांची. माझा अकरा वर्षांचा होता. विकणाऱ्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्या दिवशी खेळता आलं नाही, आणि नव्या सिलिंडरची किंमत धरली तर सौदा स्वस्तही राहिला नाही.

तेव्हा वापरलेलं हत्यार घेताना सगळ्यात आधी सिलिंडर काढून महिना आणि वर्ष वाचा. दोन-तीन वर्षंच उरली असतील तर नव्याची किंमत भावातून वजा करा. मुदत संपलेला भरू नका, "घरीच तर वापरायचाय" म्हणूनही नको. २०० बार म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट दाब. तो तुमच्या मनगटाच्या आणि चेहऱ्याच्या मध्ये असतो.

भरायला रेंजवर मोठी टाकी किंवा कॉम्प्रेसर असतो. हातपंपही मिळतो, पण २०० बारपर्यंत नेताना घाम निघतो, आणि थकलेल्या हाताने त्यानंतर नेम धरता येत नाही. भरताना झडप अगदी हळू उघडा. झपकन भरला की सिलिंडर तापतो, आणि गार झाल्यावर काटा खाली आलेला दिसतो. जोडणीच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस कधीच लावू नका. दाबलेल्या हवेत तेल पेट घेऊ शकतं.

८. नागपूरचं हवामान

मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीत ६० च्या पुढे जातं. २५ अंशांना २०० बारने भरलेला सिलिंडर ६५ अंशांना २२५ च्या वर पोचतो. म्हणून बर्डीवर "पाच मिनिटांचं काम" म्हणून पेटी गाडीत ठेवून जाऊ नका. सोबत न्या, नाहीतर आधी घरी सोडा.

आपल्या घरोघरी कूलर. कूलरच्या खोलीत दमट हवा फिरते आणि नळीच्या तोंडाशी, स्क्रूंवर गंज धरतो. पेटी कूलर नसलेल्या खोलीत ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. घामाने भिजलेलं जॅकेट पिशवीत कोंबून ठेवलं की पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते. घरी आल्या आल्या रुंद हँगरवर पंख्याखाली टांगा. उन्हात नको, कापड आकसतं. उन्हाळ्यात सत्र सकाळी सातच्या आत सुरू करा. तहानलेल्या शरीराचा हात थरथरतो, ते वहीतल्या आकड्यांत लगेच दिसतं.

९. कागदपत्रांची एक फाईल

आधार कार्ड आणि पत्त्याचा पुरावा, प्रत्येकी तीन-चार प्रती. जन्मदाखला, कारण वयोगट त्यावर ठरतो. पासपोर्ट आकाराचे फोटो. शाळेचा बोनाफाईड, शालेय स्पर्धांसाठी. रेंजची सदस्यत्वाची पावती. हत्याराचं बिल, त्यावर अनुक्रमांक छापलेला हवा आणि तो हत्यारावरच्या क्रमांकाशी जुळायला हवा. वापरलेलं घेतलं असेल तर मूळ बिलाची प्रत आणि विक्रेत्याने सही केलेलं विक्रीपत्र. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना, ते आजच पाहा. माझ्या मुलीच्या आधारवर वडिलांचं नाव एक आणि जन्मदाखल्यावर दुसरं लिहिलं होतं. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी ते लक्षात आलं आणि ती स्पर्धा हुकली.

१०. घरचा सराव

गोळी न झाडता केलेला सराव, म्हणजे ड्राय प्रॅक्टिस, हाच खरा सराव आहे असं माझं मत आहे. यात पेलेट लागत नाही, आवाज नाही, शेजारी तक्रार करत नाहीत. फक्त एक सावधगिरी. स्प्रिंगचं हत्यार रिकामं झाडू नका, आतला पिस्टन आपटून मोडतो. पीसीपी मॅच हत्यारांत ड्राय फायरची वेगळी सोय असते, ती वापरा. आणि दर वेळी नळी रिकामी आहे हे स्वतः डोळ्याने बघा, दुसऱ्याने सांगितलं तरी. पेलेटचा डबा त्या वेळी दुसऱ्या खोलीत.

आपल्या हॉलमध्ये १० मीटर मिळत नाहीत. ५ मीटर मिळाले तर निशाणा निम्मा करा. पिस्तुलाच्या कार्डावरचा काळा गोल ५९.५ मिमीचा असतो, तर भिंतीवर ३० मिमीचा काढा. रायफलचा ३०.५ मिमीचा, तर १५ मिमीचा. डोळ्याला तो १० मीटरवरच्याइतकाच दिसतो. ३ मीटरच जागा असेल तर पिस्तुलासाठी १८ मिमी. गोल डोळ्याच्या उंचीच्या आसपास लावा. मागे दार किंवा खिडकी नको, कोणी अचानक आत येईल अशी जागा नको.

वीस मिनिटं पुरतात. पंधरा वेळा उचला, धरा, ट्रिगर दाबा आणि दाबल्यावरही दोन सेकंद तसेच थांबा. पुढची साईट हलली का, एवढंच बघा. भाच्याने त्याच्या खोलीत १८ मिमीचा गोल चिकटवला आहे, क्लबचं पिस्तूल घरी नेता येत नाही म्हणून हातात एक लिटरची पाण्याची भरलेली बाटली धरून तो रोज समोर उभा राहतो. हत्यार त्याने अजून घेतलेलं नाही.